८८ पौंडांचा माणूस: नालवाडी, पवनार आणि उतरत्या मांसाचा इतिहास

ज्यांना बसमध्ये इयरफोन सापडत नाहीत, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित भाग. बोलताना जे सुटलं, ते इथे जरा नीट मांडलंय.

सुरुवात एका पट्ट्यापासून करतो. कमरेचा, चामड्याचा, तपकिरी पट्टा. माझ्या मामाचा.

मामाला तोंडाचा कॅन्सर झाला, तेव्हा मी कॉलेजात होतो. गालाच्या आतल्या बाजूला. वीस-बावीस वर्षं खर्रा खाल्लेला माणूस. जे विदर्भाबाहेरून ऐकतात त्यांच्यासाठी सांगतो: सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटतात, त्याला खर्रा म्हणतात. ऑपरेशन झालं, मग रेडिएशन सुरू झालं. दर आठ-दहा दिवसांनी मामा मला म्हणायचा, "भाच्या, जरा खिळा आन हातोडी आण बे." मग पट्ट्याला अजून एक भोक पाडायचं. आधीच्या भोकाच्या आत एक. मग त्याच्याही आत एक. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, "मामा, तू खूपच बारीक होऊन राहिला." तो हसला आणि म्हणाला, "मी नाही होऊन राहिलो, पट्टाच ढिला होऊन राहिला."

घरात कुणीच घाबरलं नव्हतं, कारण सगळ्यांना एकच गोष्ट माहीत होती. कॅन्सरमध्ये माणूस बारीक होतोच. त्यात काय विचारायचं?

आजचा एपिसोड त्या "त्यात काय विचारायचं"बद्दल आहे. आणि त्यासाठी आपल्याला वर्धा शहराला लागून असलेल्या नालवाडीत जायचंय, १९३० च्या दशकात.

नालवाडीतला बारीक माणूस

१९३२ साल. विनोबा भावे धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथेच त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांनी शाळेत ऐकलंय. पण तुरुंगातून सुटल्यावर विनोबा कुठे गेले, हे फारसं कुणी सांगत नाही. ते नालवाडीला गेले. वर्ध्याचा आश्रम सांभाळायला ते १९२१ मध्येच या भागात आले होते. आता त्यांना खेड्यात, दलित वस्तीजवळ राहून काम करायचं होतं. याच नालवाडीत गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवलं. चामडं कमावण्याचं काम हलकं नाही, हे स्वतःच्या हातांनी ते काम करून दाखवण्यासाठी. मामाच्या पट्ट्याची आठवण आली की मला हे चर्मालय आठवतं.

नालवाडीत विनोबांनी स्वतःवरच एक प्रयोग लावला. सूत कातणाऱ्या माणसाला जी मजुरी मिळते, तेवढ्यावर माणूस जगू शकतो का? हा प्रश्न त्यांनी भाषणात विचारला नाही. ते स्वतः तासनतास कातायला बसले आणि त्या मजुरीत बसेल एवढंच खायला लागले. काम भरपूर, अन्न मोजकं, विश्रांती जवळजवळ नाहीच.

१९३८ उजाडलं तेव्हा त्यांचं वजन ८८ पौंडांवर आलं होतं. आपल्या हिशोबात साधारण ४० किलो. वय ४२.

गांधीजी तोवर जवळच सेवाग्रामला राहायला आले होते. त्यांना काळजी वाटली. माझ्याजवळ येऊन राहा, डॉक्टरांना दाखव, थंड हवेच्या ठिकाणी जा, असं त्यांनी सुचवून पाहिलं. विनोबांनी यातलं काही निवडलं नाही. त्यांनी निवडलं पवनार. धाम नदीच्या काठी जमनालाल बजाजांचा बंगला रिकामा होता. ७ मार्च १९३८ ला विनोबा तिथे राहायला गेले. जाताना पुलावरून नदी ओलांडली, तेव्हा डोक्यातल्या सगळ्या कामांचा आणि चिंतांचा आपण त्याग केला असं त्यांनी मनाशी म्हटलं, असं ते पुढे सांगत.

तिथे त्यांनी काय केलं? विश्रांती घेतली, अन्न वाढवलं, आणि कुदळ हातात घेतली. सुरुवातीला दिवसाला फक्त काही मिनिटं खणायचं. मग रोज थोडं थोडं वाढवायचं. थकवा आला की थांबायचं. याच खणण्यात पवनारच्या जमिनीतून जुन्या मूर्ती निघाल्या. राम आणि भरत यांची भेट दाखवणारं शिल्पही तिथलंच.

आणि शरीराचं काय झालं? काही महिन्यांत वजन ८८ वरून १२८ पौंडांवर गेलं. म्हणजे जवळपास १८ किलो वाढ. त्यानंतर हा माणूस भूदानासाठी वर्षानुवर्षं देशभर पायी फिरला, आणि १९८२ पर्यंत जगला.

आता एक गोष्ट स्पष्ट करतो. विनोबांना तेव्हा कॅन्सर नव्हता. मग ही गोष्ट मी कॅन्सरच्या एपिसोडमध्ये का सांगतोय? कारण माणसाच्या अंगावरचं मांस दोन वेगळ्या कारणांनी उतरतं, आणि या दोन कारणांत गल्लत झाली की माणसं जातात. नालवाडीत पहिलं कारण होतं. अन्न कमी, कष्ट जास्त. असं उतरलेलं मांस अन्न, विश्रांती आणि हळूहळू वाढवलेला व्यायाम दिला की परत येतं. पवनारला आलंच.

दुसरं कारण समजायला डॉक्टरांना फार वेळ लागला.

क्षय, शब्द जुना

अंगावरचं मांस झिजणं ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. आयुर्वेदात मांस हा सात धातूंपैकी एक. तो कमी होण्याला मांसक्षय म्हणतात, आणि चरकसंहितेत त्याची खूण सांगताना शरीराच्या तीन जागा सांगितल्यात: नितंब, पोट आणि मान. ही मान लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे. टीबीला आपण "क्षय" म्हणतो, तोही याच झिजण्यावरून. आणि आजी "पोरगं नुसतं काटा झालंय" म्हणते, तेव्हा तीही याचीच नोंद करत असते.

ज्या १९३२ मध्ये विनोबा नालवाडीत आले, त्याच वर्षी अमेरिकेत शील्ड्स वॉरेन नावाच्या डॉक्टरांनी कॅन्सरने मेलेल्या ५०० रुग्णांच्या शवविच्छेदनाचा अभ्यास छापला. हे लोक नेमके कशाने गेले, हा त्यांचा प्रश्न होता. पाचातल्या साधारण एकाच्या बाबतीत कारण निघालं कॅकेक्सिया, म्हणजे शरीर पार झिजून जाणं. गाठीने एखादा अवयव बंद पाडला म्हणून नाही, झिजून.

मग १९८० मध्ये अमेरिकेतच केमोथेरपी घेणाऱ्या ३,०४७ रुग्णांचा अभ्यास आला. उपचार सुरू होण्याआधीच ज्यांचं वजन उतरलं होतं, ते इतरांपेक्षा कमी जगले. म्हणजे वजनाचा काटा हा फक्त काटा नव्हता, तो इशारा होता.

पण असं का होतं? १९८५ मध्ये एक धागा सापडला. शरीराला झिजवणाऱ्या एका रसायनाला शास्त्रज्ञांनी कॅकेक्टिन असं नाव दिलं होतं. ते आणि दाह वाढवणारं टीएनएफ नावाचं रसायन, दोन्ही एकच निघालं. सोप्या भाषेत सांगायचं तर कॅन्सर शरीरात कायमची आग पेटती ठेवतो, आणि त्या आगीत शरीर स्वतःचेच स्नायू इंधन म्हणून घालतं. अशा माणसाला नुसतं जेवण वाढवून पुरत नाही, कारण आग चालूच असते. हे दुसरं कारण.

पुढे १९८९ मध्ये आयर्विन रोझेनबर्ग यांनी वयासोबत स्नायू कमी होण्याला सार्कोपेनिया हे नाव छापून दिलं. ग्रीक शब्द: सार्क्स म्हणजे मांस, पेनिया म्हणजे दारिद्र्य. मांसाचं दारिद्र्य. नालवाडीच्या प्रयोगाला याहून चांगलं नाव मला तरी सुचत नाही.

वजन काटा जे सांगत नाही

आता तुमच्या मनात येईल की वजन मोजलं की झालं ना? इथेच गंमत आहे. ७० किलोच्या माणसात चरबी किती आणि स्नायू किती, हे काटा सांगत नाही. जाडसर दिसणाऱ्या माणसाचे स्नायू आतून गेलेले असू शकतात. पाणी साठलं तर वजन वाढतंही.

२००८ च्या आसपास कॅनडातल्या संशोधकांनी एक साधी कल्पना वापरली. कॅन्सरच्या रुग्णाचा सीटी स्कॅन तर होतोच. मग त्यातूनच स्नायू मोजायचे. कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरचा एक काप घ्यायचा, त्यातलं स्नायूंचं क्षेत्रफळ मोजायचं आणि उंचीच्या वर्गाने भागायचं. वेगळी तपासणी नको.

पण डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या बाबतीत अडचण होती. त्यांचा स्कॅन बहुतेक वेळा मानेचाच होतो, कमरेपर्यंत जातच नाही. २०१६ मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या गटाने उपाय काढला: मानेच्या तिसऱ्या मणक्यावरचे स्नायू मोजा, त्यावरून पूर्ण शरीराचा अंदाज येतो. चरकसंहितेतली मान आठवली? अर्थात, त्यांनी सीटी सांगितला होता असा मेसेज कुणी फॉरवर्ड करू नका. पण मानेकडे बघून झिजणं ओळखणं ही नजर जुनी आहे, एवढंच.

याच काळात अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन हॉस्पिटलमधून आलेल्या एका अभ्यासाने मला थांबवलं. डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेतलेले १९० रुग्ण. ज्यांचे स्नायू कमी झाले होते, ते कमी जगले. पण ज्यांचं नुसतं वजन उतरलं आणि स्नायू टिकले, त्यांच्यात तसा फटका दिसला नाही. म्हणजे जगण्याशी नातं होतं ते स्नायूंचं.

का बरं? कारणं बरीच आहेत. केमोचा डोस उंची आणि वजनावरून ठरतो. स्नायू कमी असलेल्या माणसाला तोच डोस जास्त झोंबतो, मग डोस कमी करावा लागतो किंवा थांबवावा लागतो. नेदरलँड्समध्ये हे डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या रुग्णांतच दिसलंय. रेडिएशन साधारण सहा-सात आठवडे रोज चालतं, आणि मध्ये खंड पडणं उपचारासाठी वाईट. अंगात ताकद नसलेला माणूस खंड पाडतो. खोकायला, कफ काढायला, गिळायलाही स्नायूच लागतात. ते गेले की न्यूमोनिया लवकर गाठतो. जखम भरायला प्रोटीन लागतं, आणि प्रोटीनची मोठी पेढी म्हणजे स्नायू.

एक सावधगिरीही सांगतो. आजार मुळात जास्त वाईट असेल तर स्नायूही जास्त झिजतात. म्हणून "स्नायू वाचवले की माणूस वाचतोच" असं सरळ गणित या अभ्यासांतून निघत नाही. निघतं ते एवढं, की स्नायू उतरणं ही दुर्लक्ष करायची गोष्ट नाही.

वर्ध्यात हे का महत्त्वाचं

देशात पुरुषांमध्ये ओठ आणि तोंडाचा कॅन्सर सगळ्यात वर आहे. वर्धा जिल्ह्याची कॅन्सर नोंदणी सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजमध्ये होते, आणि इथेही पुरुषांत तोंडाचा कॅन्सर आघाडीवर आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. पानठेल्यावर घोटून मिळणारा खर्रा मात्र आपण सगळ्यांनीच पाहिलाय. आपले गृहमंत्री राहिलेले आर. आर. पाटील २०१५ मध्ये तोंडाच्या कॅन्सरने गेले, वयाच्या ५७ व्या वर्षी. शरद पवारांनी २००४ मध्ये याच आजाराशी सामना केला, आणि तंबाखू-गुटख्यापासून लांब राहा, हे ते तरुणांना जाहीर सभांत सांगत आले.

सुपारीने आणखी एक गोष्ट होते. तोंडाच्या आतली त्वचा कडक होत जाते आणि तोंड उघडणं कमी होतं. आरशासमोर उभे राहा आणि स्वतःची तीन बोटं उभी करून दातांमध्ये जातात का बघा. खर्रा खाणाऱ्या कितीतरी पोरांची दोनच जातात. म्हणजे कॅन्सर व्हायच्या आधीच घास लहान झालेला असतो. मग गाठ येते, चावताना दुखतं. मग ऑपरेशन. मग रेडिएशनने तोंडात फोड येतात, लाळ आटते, चव जाते. वरण मातीसारखं लागतं.

आता एपिसोडचा मुख्य मुद्दा. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये दोन्ही कारणं एकत्र येतात. आतली आग आहेच, ती डॉक्टरांचं काम. पण त्यासोबत साधी उपासमारही आहे, नालवाडीसारखी. फरक इतकाच, की विनोबांनी ती निवडली होती, आणि या माणसाचं तोंडच उघडत नाही. हा दुसरा भाग भरून काढता येतो. पण तो कॅन्सरचाच भाग समजून आपण सोडून देतो.

मामाच्या बाबतीत आम्ही तेच केलं. घरी प्रेमाची कमी नव्हती. मामी दिवसभर काही ना काही करून द्यायची: वरणाचं पाणी, नारळपाणी, मोसंबीचा रस. वाटायचं, पोटात जातंय ना काहीतरी. पण वरणाच्या वरच्या पाण्यात प्रोटीन नावालाच असतं. डाळ खाली राहते. कुणीतरी सांगितलं, दूध-अंड्याने गाठ वाढते, म्हणून तेही बंद. नाकातून नळी टाकायची गोष्ट निघाली, तर मामा म्हणाला, "नळी म्हंजे शेवट." आम्हीही तेच समजलो. शेवटी अशक्तपणामुळे रेडिएशन मध्येच काही दिवस थांबवावं लागलं.

नळी म्हणजे शेवट नसतो. बऱ्याच वेळा तो उपचार पुरा करता यावा म्हणून काही आठवड्यांचा पूल असतो.

मग करायचं काय

कॅन्सर रुग्णांच्या आहारावर युरोपातल्या तज्ज्ञांच्या सूचना आहेत: दर किलो वजनामागे रोज एक ग्रॅमपेक्षा जास्त प्रोटीन, जमल्यास दीड ग्रॅमपर्यंत. ६० किलोच्या माणसाला दीड ग्रॅमने ९० ग्रॅम होतात. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६-७ ग्रॅम. म्हणजे नुसत्या रसावर हा आकडा कधीच गाठत नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. किडनीचा त्रास असेल तर हिशोब बदलतो, म्हणून आहारतज्ज्ञ हवाच. घट्ट वरण मिक्सरमधून काढून, त्यात तूप. दह्यात शेंगदाण्याचं कूट. मऊ खिचडी. अंडं चालत असेल तर अंडं. आणि सोयाबीन. १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजी सोयाबीनचे प्रयोग करत होते आणि त्याबद्दल लिहीत होते. आज आपल्या विदर्भातली शेतं सोयाबीनने भरलीत, ताटात मात्र ते क्वचितच दिसतं.

दुसरी गोष्ट वजनाची. सहा महिन्यांत पाच टक्क्यांपेक्षा जास्त वजन उतरलं, तर २०११ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार तो धोक्याचा इशारा. ६० किलोच्या माणसासाठी हे ३ किलो. पट्ट्याची एक-दोन भोकं, बस.

तिसरी गोष्ट कुदळीची. डेन्मार्कमध्ये डोक्या-मानेच्या कॅन्सरचं रेडिएशन झालेल्या रुग्णांना १२ आठवडे हळूहळू वाढत जाणारा वजनांचा व्यायाम दिला, आणि त्यांचे स्नायू वाढले. आधी थोडं, मग थोडं जास्त, थकलं की थांबायचं. हे कुठे ऐकलंय? धाम नदीच्या काठी. गिळण्याचेही व्यायाम असतात, कारण गिळणं थांबवलं की तेही स्नायू विसरतात. हे सगळं डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टला विचारूनच करायचं, पण विचारायचं मात्र नक्की.

सावंगीच्या मोठ्या हॉस्पिटलचं नाव आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. मामाचे उपचार तिथले नव्हते, दुसऱ्या शहरातले होते. पण त्या पाटीसमोरून गेलो की मला ८८ पौंडांचा माणूस आठवतो, ज्याचं उतरलेलं मांस परत आलं होतं.

मामा ऑपरेशननंतर चौदा महिन्यांनी गेला. स्नायू टिकले असते तर तो वाचला असता, असं मी म्हणत नाही. ते कुणीच सांगू शकत नाही. पण तिसरं भोक पाडताना मला हे माहीत असतं, तर मी खिळा खाली ठेवला असता आणि डॉक्टरांना एक प्रश्न विचारला असता. तो पट्टा अजून माझ्याकडे आहे. पाच भोकं आहेत त्याला जास्तीची.

तुमच्या घरात कुणाचे उपचार चालू असतील, तर हे वाचून झाल्यावर एवढंच करा. आज त्यांचं वजन करा आणि फोनमध्ये तारखेसकट लिहून ठेवा. दर आठवड्याला, त्याच काट्यावर. आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांना तो फोन दाखवा. "त्यात काय विचारायचं" असं घरात कुणी म्हणालं, तर त्यांना हा एपिसोड पाठवा.

भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या.